कौलारू शाळेचे राहते घर करताना

कोकणात आणि घाटावरच्या जुन्या गावांत ब्रिटिश अमदानीत, कधी एखाद्या दात्याच्या देणगीतून तर कधी लोकल बोर्डाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या शाळांपैकी काही इमारती आता रिकाम्या पडल्या आहेत. जांभ्याच्या किंवा काळ्या दगडाच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंती, सागवानी कैच्या (छपराचा भार पेलणारे त्रिकोणी लाकडी सांगाडे), वर मंगलोरी कौले, समोर लांब ओसरी आणि ओसरीवर दारे उघडणारे तीन-चार वर्ग असा त्यांचा साचा असतो. पुढील विवेचन अशा एकमजली, चुन्यात बांधलेल्या, शंभरीच्या आसपास आलेल्या इमारतीला धरून केले आहे. त्यातील बहुतेक सूचना एकाच धोरणातून निघतात. जे नवे घालायचे ते हलके आणि सुटे असावे, त्याचा भार जुन्या भिंतीवर येऊ नये, आणि पुढे कोणी ते काढायचे ठरवले तर मूळ वास्तूला इजा न होता ते निघावे.

आधी कागद

शाळेच्या जागेची मालकी राहत्या घराच्या मालकीइतकी सरळ क्वचितच असते. इमारत एखाद्या शिक्षणसंस्थेच्या न्यासाची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय तिची विक्री होऊ शकत नाही, आणि तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यालाही तीच मंजुरी लागते. त्यामुळे विश्वस्त मंडळाचा ठराव दाखवला एवढ्यावर विसंबून इसार देऊ नये. जागा सरकारने शाळेसाठी म्हणून दिलेली असेल, तर सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर बहुधा भोगवटादार वर्ग २ अशी नोंद आढळते, आणि अशा जागेच्या हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. जिल्हा परिषदेची शाळा पटसंख्येअभावी बंद झाली म्हणजे ती विक्रीला निघाली असे समजून तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे जुने बक्षीसपत्र. दात्याने जागा देताना ती शाळेसाठीच वापरावी, अन्यथा आपल्या वारसांकडे परत जावी, अशी अट घातलेली असू शकते. वकील नेहमी देतात तो तीस वर्षांचा शोध अहवाल येथे अपुरा पडतो, कारण दानाचा मूळ दस्त त्याच्याही कितीतरी आधीचा असतो. फेरफार उतारे एकामागून एक काढत पहिल्या नोंदीपर्यंत जावे, आणि कागद मोडीत असेल तर मोडी जाणणाऱ्याकडून त्याचे देवनागरी लिप्यंतर करून घेऊन मगच वकिलाचे मत मागावे.

शाळेच्या मैदानावर गावाचाही हात फिरलेला असतो. आडवाटेने विहिरीकडे जाणारी पायवाट, गणेशोत्सवाचा मांडव, मुलांचे क्रिकेट हे सगळे तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालू असते. यांपैकी पायवाटेचा प्रश्न गंभीर आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि अखंड चाललेल्या वहिवाटीतून रस्त्याचा हक्क निर्माण होऊ शकतो. खरेदीपूर्वी शेजाऱ्यांशी बोलून, वाट कोठून जाईल हे नकाशावर आखून लिहून ठेवावे. कुंपण घातल्यावर होणाऱ्या वादापेक्षा ते फार स्वस्त पडते.

यानंतर वापरबदल येतो. विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत जागा सार्वजनिक-निमसार्वजनिक वापरासाठी दाखवलेली असेल, तर तेथे घर करण्याची मुभा गृहीत धरता येत नाही, म्हणून झोन दाखला आधी घ्यावा. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. बृहन्मुंबईत १९९५ पासून वारसा नियम आहेत आणि तेथील वास्तूंची पहिली, दुसरी-अ, दुसरी-ब व तिसरी अशी श्रेणीवारी आहे. इतर शहरांतही वारसा यादी आहे का आणि आपली इमारत तीत आहे का, हे पालिकेकडे लेखी विचारावे. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते, आणि त्यापुढील दोनशे मीटरचा पट्टा नियंत्रित असतो. किल्ल्याच्या किंवा लेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या शाळांच्या बाबतीत हा मुद्दा हमखास पुढे येतो.

प्रत्येक जुन्या शाळेचे घर व्हावे असेही नाही. पुण्यातील ज्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली, तो दीर्घ न्यायालयीन वादानंतर डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. ज्या वास्तूशी असा सार्वजनिक इतिहास जोडलेला आहे, ती विकत मिळत असली तरी खासगी घरासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक पावसाळा बघण्यासाठी

खरेदी झाल्यावर शक्य असेल तर पहिला पावसाळा निरीक्षणात घालवावा. आराखडा घाईने कागदावर आला की स्वयंपाकघर नेमके त्या कोपऱ्यात पडते जेथे आषाढात भिंत पाझरते. या काळात फुटकी कौले बदलणे, पन्हळी मोकळ्या करणे आणि भिंतीत रुजलेल्या वड-पिंपळाचा बंदोबस्त करणे एवढेच काम करावे. ही रोपे ओढून उपटू नयेत, कारण मुळांबरोबर दगड निघून येतो. खोड बुंध्याशी कापून वारंवार छाटत राहावे आणि मूळ वाळल्यावर पोकळी चुन्याने भरावी.

ओल किती उंचीपर्यंत चढते याची पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि दर पंधरवड्याने ती पुन्हा पाहावी. तडा दिसतो तेथे दोन्ही बाजूंना पक्की चिकटवलेली पातळ काचपट्टी लावावी. काच तडकली तर तडा अजून हलतो आहे आणि त्यामागे पायाचा किंवा छपराच्या रेट्याचा प्रश्न आहे. वर्षभर काच अभंग राहिली तर तो तडा जुना व निवलेला असून नुसता भरला तरी चालतो.

स्थापत्य अभियंता निवडताना त्याने यापूर्वी दगड-चुन्याचे काम हाताळले आहे का, हे विचारावे. काँक्रीटची कठीणता मोजणारा रिबाउंड हॅमर घेऊन कोणी जांभ्याच्या भिंतीवर आकडे घेऊ लागला तर त्याला नम्रपणे परत पाठवावे, कारण ते उपकरण त्या कामासाठी नाही. दगडी भिंतीत पाहायचे असते ते वेगळेच. जाड भिंत बहुधा दोन पदरी असते, म्हणजे आतला आणि बाहेरचा असे दोन थर आणि मध्ये लहान दगडांची भर. हे दोन पदर एकमेकांना बांधणारे आरपार दगड नसतील, तर धक्क्याने पदर सुटतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती अशाच फुटून घरांवर कोसळल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या धक्क्यानंतर दक्षिण कोकण आणि सातारा परिसरात तरी हा मुद्दा ऐच्छिक मानता येत नाही. आरपार बंध नव्याने घालणे, दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीला सलग पट्टा बांधणे आणि कैच्या भिंतीवरच्या लाकडी पाटाला जखडणे हे उपाय भारतीय मानक १३९३५ मध्ये दिले आहेत. त्यांपैकी कोणता कोठे करायचा हे अभियंत्याने ठरवावे.

छप्पर

पैसा कमी पडणार असेल तर तो इतर कोठेही कमी पडू द्यावा, छपरावर नव्हे. काम दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्याच्या मध्यापर्यंत संपवावे. कैचीचे लाकूड मध्यभागी सहसा धडधाकट असते; कुजते ते भिंतीत घुसलेले टोक, कारण तेथे वारा लागत नाही. प्रत्येक टोकाशी पेचकस रुतवून पाहावा. तो सहज आत गेला तर तेवढा भाग कापून, जुन्याच सागवानाचा सांधा देऊन, दोन्ही अंगांनी पोलादी पट्ट्या व बोल्ट घालावेत. संपूर्ण कैची बदलण्याचा सल्ला सुताराने दिला तरी दुसऱ्या सुताराला विचारावे. नवे टोक भिंतीत चिणू नये, भोवती बोटभर मोकळी जागा ठेवावी.

कौले उतरवल्यावर एकेक वाजवून पाहावे. खणखणीत वाजते ते ठेवावे, बद वाजते ते टाकावे. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढल्यानंतर तेथे आणखी अनेक कारखाने उभे राहिले, आणि प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा होता. कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव उमटलेले असते. एका साच्याचे कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही आणि पाऊस नेमका तेथूनच शिरतो, म्हणून नावानुसार ढीग लावून एका उतारावर एकाच कारखान्याचा माल वापरावा. उरलेला मिश्र माल न्हाणीघराच्या किंवा लाकडांच्या खोपीवर चालतो.

घरात उन्हाची धग आणि कौलांतून पडणारी धूळ नको असते, जी शाळेत खपून जात होती. त्यासाठी कैच्यांच्या वर तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचे अस्तर, करावे, तिच्यावर वाफ बाहेर जाऊ देणारा जलरोधक पडदा अंथरावा, त्यावर उभ्या पट्ट्या ठोकून हवेची पोकळी ठेवावी आणि मग आडव्या रिपांवर कौले बसवावीत. कौलाखाली साधे प्लॅस्टिक अंथरण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्याच्या खालच्या अंगाला दव धरून लाकूड कुजते.

अनेक शाळांवर मध्यंतरी कौले काढून सिमेंटचे पत्रे घातले गेले. या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि पत्रा फुटला की त्याचे घातक तंतू हवेत जातात. पत्रे पाण्याने भिजवून, स्क्रू सोडवून, अखंड उतरवावेत, मजुरांना योग्य मुखवटे द्यावेत आणि माल घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडेच पाठवावा. गोठ्यावर घालायला कोणाला देऊन टाकू नये. पत्र्यांच्या जागी पुन्हा कौले घालायची झाली तर वजन दुपटीहून अधिक होते, तेव्हा कैच्या ते पेलतील का हे आधी तपासावे.

भिंती आणि चुना

अशा वास्तूंचे सर्वाधिक नुकसान काळापेक्षा सिमेंटने केले आहे. चुन्याची भिंत जमिनीतली ओल घेते आणि पृष्ठभागावरून सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, वर चढत जाते, आणि तिच्यातील क्षार गिलाव्यामागे स्फटिक धरून दगडाचा पृष्ठभाग भुसभुशीत करतात. भिंतीला लोणा लागला म्हणून गवंडी आणखी सिमेंट मारतो आणि लोणा फूटभर वर सरकतो. जांभ्यासारख्या सच्छिद्र दगडाला हे मुळीच सोसत नाही. म्हणून सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोड्याने, हाताने काढावा, ब्रेकर लावू नये. गिलाव्याबरोबर चिऱ्याचा पापुद्रा निघू लागला तर तेथे थांबून तेवढा भाग तसाच ठेवणे बरे.

नव्या गिलाव्यासाठी कळीचा चुना आणून तो हौदात विझवावा आणि पाण्याखाली किमान महिनाभर मुरू द्यावा. न विझलेले खडे राहिले तर ते भिंतीत फुगून फोड येतात, म्हणून चाळणे टाळू नये. एक भाग चुन्याला सुमारे तीन भाग धारदार, धुतलेली वाळू हे प्रमाण सर्वसाधारण कामाला पुरते, आणि ओलीच्या जागी वाळूचा काही भाग काढून विटांची सुरखी (भुकटी) घातली की चुना पाण्यातही धरतो. गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी घालण्याची परंपरा आहे आणि जाणता गवंडी ते घालत असेल तर घालू द्यावे. परंतु कच्च्या चुन्याची उणीव गुळाने भरून निघत नाही. थर अर्ध्या इंचाहून जाड देऊ नये, पहिला थर बोटाने दबेनासा झाल्याखेरीज दुसरा चढवू नये आणि प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखाली निदान आठवडाभर दमट ठेवावा. हवेतील कर्बवायू शोषून चुना घट्ट होतो, आणि त्यासाठी त्याला ओलावा आणि वेळ दोन्ही लागतात. कडक उन्हात केलेले काम वाळते, पण धरत नाही. दगड उघडा ठेवायचा असेल तेथे दरजाही चुन्याच्याच भराव्यात. शेवटी चुन्याची सफेदी द्यावी. प्लॅस्टिक पेंट लावला तर एवढ्या खटाटोपाचा उपयोग राहत नाही.

जोत्याची ओल बहुधा बाहेरून येते. मैदान सपाट करण्यासाठी वर्षानुवर्षे मुरूम टाकल्यामुळे जमीन वर आलेली असते आणि जोते बुडालेले असते. भिंतीलगतची जमीन मूळ पातळीपर्यंत उतरवून, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, पागोळ्यांच्या रेषेत दगडी गटार काढले की निम्मा प्रश्न सुटतो. शहाबादी फरशी क्रमांक घालून उचलावी, खाली खडी आणि चुन्याचा थर देऊन त्याच क्रमाने पुन्हा बसवावी. दारे-खिडक्यांवरचा जुना तेलरंग कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत नव्वद भाग) कायदेशीर मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये अमलात आली, तेव्हा त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते असे धरून, लहान मुले दूर ठेवून, ओल्या पद्धतीनेच रंग काढावा.

वर्गांत घर मांडणे

वर्गखोलीत उजेड डाव्या बाजूने यावा, म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या पाटीवर सावली पडणार नाही, असा विचार त्या काळच्या शालेय वास्तूंमध्ये असे. त्यामुळे खिडक्या एका लांब भिंतीत एकवटलेल्या आणि फळ्याची भिंत कोरी, अशी मांडणी पुष्कळ ठिकाणी आढळते. घर आखताना याचा थेट फायदा घ्यावा. कपाटे, ओटा, पलंगाची उशाची बाजू हे सगळे कोऱ्या भिंतीकडे न्यावे आणि खिडक्यांची भिंत मोकळी ठेवावी. खिडक्यांच्या कडा मुलांचे लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून कधीकधी छातीइतक्या उंच ठेवलेल्या असतात. त्या खाली फोडण्याऐवजी आतल्या बाजूला लाकडी चौथरा केला की बसून बाहेरचे दिसते आणि भिंत शाबूत राहते.

खोलीची उंची चौदा-पंधरा फूट असली की पोटमाळ्याचा मोह होतो. तो करावा, पण अर्ध्याच खोलीवर आणि खिडक्यांपासून तीन-चार फूट मागे, म्हणजे खिडकी मधोमध कापली जात नाही. राहत्या खोलीला २.७५ मीटर उंची सोडण्याचा संकेत आहे. तेवढी खाली ठेवल्यावर वर उभे राहता येते का, हे कैचीच्या आडव्या तुळईपर्यंत मोजावे, आढ्यापर्यंत नव्हे. माळ्याचा सांगाडा पोलादी नळ्यांचा करून स्वतःच्या खांबांवर उभा करावा. खांबांचे खड्डे जुन्या पायालगत, त्याच्या तळापेक्षा खोल खणू नयेत. नव्या आडभिंतीही लाकडी किंवा हलक्या फळ्यांच्या कराव्यात आणि शक्यतो सात-आठ फुटांवर थांबवाव्यात, म्हणजे वरून वारा वाहतो आणि संपूर्ण कैची नजरेत राहते. आवाज मात्र घुमतो. पुस्तकांची कपाटे, जाड पडदे, तक्तपोशी यांनी तो बराच आवरतो. शयनगृहाला तरी पूर्ण उंचीची आडभिंत हवीच.

सगळ्या खोल्या ओसरीवर उघडतात ही शाळेची सोय घरात अडचण ठरते, कारण रात्री न्हाणीघराकडे जाताना पावसाची झड अंगावर येते. ओसरी काचेने पूर्ण बंद करणे हा सोपा, पण चुकीचा उपाय आहे. त्याने आतील खोल्या कोंदट होतात. त्याऐवजी दोन वर्गांमधल्या भिंतीत एक दार काढावे, ते कमानीने किंवा दगडी उंबऱ्या-पाटाने नीट बांधून घ्यावे, आणि ओसरीच्या पश्चिम अंगालाच सरकत्या झिलमिल्या लावाव्यात. फळा, कोनशिला, घंटेचा आकडा यांना हात लावू नये.

पाणी आणि वीज

शाळेत शौचालय दूर आवारात असे. घरात ते आणताना बाहेरच्या भिंतीलगतची सर्वांत लहान खोली, बहुधा मुख्याध्यापकांची, त्यासाठी द्यावी. न्हाणीघराच्या नळांना जुन्या भिंतीत खाचा पाडू नयेत. आत चार-सहा इंच जागा सोडून हलकी खोटी भिंत उभी करावी आणि नळ तिच्यात घालावेत, म्हणजे गळती दिसते आणि दुरुस्तही होते. सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला असावेत.

मोठे छप्पर ही पाण्याच्या बाबतीत संपत्ती आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. कोकणातील २,५०० मिलिमीटर पावसात २०० चौरस मीटर छपरावरून, वीस टक्के वाया गेले असे धरूनही, चार लाख लिटर पाणी मिळते. पहिल्या सरींचे पाणी सोडून देऊन बाकीचे टाकीत आणि विहिरीच्या भरणीला न्यावे.

विजेच्या तारा भिंतीत न पुरता लाकडी पट्टीवरून किंवा धातूच्या नळीतून पृष्ठभागावरूनच न्याव्यात. नीट आखल्या तर त्या या वास्तूला शोभतात. भूसंपर्कन नव्याने करावे आणि आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा खटका, बसवावा. जुनी वीजजोडणी सार्वजनिक सेवा वर्गवारीत असेल तर ती घरगुती वर्गवारीत बदलून घ्यावी.

यापुढे दरवर्षी वैशाखात शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलांची डागडुजी, करावी लागेल, त्यासाठी आपल्याच साच्याची दोन-तीनशे कौले पडवीत रचून ठेवावीत. मंगळुरातील जुने कारखाने मोठ्या प्रमाणात बंद पडले आहेत, तेव्हा पंचक्रोशीत कोठे कौलारू इमारत उतरवली जात असल्याचे कळले की कौलाची पाठ पाहायला जावे.